बोट लागली! (क्रूझच्या सुट्टीचे फायदे आणि तोटे)

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे माझ्यासाठी एम-थ्रीचा पेपर. मराठी विभागाच्या मॅडमनी "या वर्षी एखादा माहितीपर लेख हवा, कविता पुष्कळ झाल्या" असं सांगितलं, तेव्हा मी मागच्या बाकावर लपायचा प्रयत्न केला. पण हॉस्टेलवर माझ्या रूमपार्टनरने चुगली केली की ही डिसेंबरच्या सुट्टीत क्रूझवर जाऊन आली आहे. झालं, विषय ठरला.

क्रूझ शिपला मराठीत काय म्हणायचं यावर मेसमध्ये बराच वाद झाला. कोणी 'पर्यटन जहाज' म्हणालं, कोणी 'सागरी सफरनौका'. माझी आजी सरळ 'बोट' म्हणते. या लेखात आजीचं ऐकायचं ठरवलं आहे, कारण आमच्या घरात बोटीचा खरा अनुभव तिलाच आहे.

आधी थोडा इतिहास

आपल्याला वाटतं क्रूझ म्हणजे काहीतरी नवीन फॅड. पण रस्ते धड नव्हते तेव्हा कोकणी माणूस बोटीनेच मुंबईला यायचा. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. ही सेवा १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीची गरजच संपली.

माझी आजी विजयदुर्गजवळची. सत्तरच्या दशकात, माझे बाबा तीन वर्षांचे असताना, ती त्यांना घेऊन 'कोकणसेवक' बोटीने मुंबईला आली. बोट बंदरापासून लांब उभी राहायची. माणसं पडावात बसून तिथपर्यंत जायची आणि खालीवर होणाऱ्या पडावातून बोटीवर चढायची. डेकवर वळकटी पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची आणि आवळासुपारी चघळत पडून राहायचं. मराठीत सी-सिकनेसला 'बोट लागणे' म्हणतात हे मला आजीमुळेच कळलं. गाडी लागते तशी बोट लागते!

त्यानंतर मुंबई-गोवा समुद्रमार्ग पुन्हा चर्चेत आला तो २०१८ मध्ये, 'आंग्रिया' या जहाजामुळे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचं हे नाव. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात प्रवाळांची एक 'आंग्रिया बँक' आहे, तिलाही हेच नाव आहे. २०२० मध्ये कोरोना आला आणि ती सेवा थांबली. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज सुरू झालं. ते फ्रान्समध्ये १९९० साली बांधलेलं, २११ मीटर लांब. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. म्हणजे येत्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी "या वर्षी क्रूझ करूया का?" हा प्रश्न निघणार. तेव्हा हा लेख उपयोगी पडेल.

आमच्या घरी तो निघाला आजीमुळे. तिला अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. गुडघे गेलेले, त्यामुळे बारा-बारा तास गाडीत बसणं अशक्य. गावाला जाऊन तिला नऊ वर्षं झाली होती. बाबा म्हणाले, "आई, पुन्हा बोटीने जाऊया." दोन रात्री, मुंबई-गोवा-मुंबई. खर्च बराच होता. आई म्हणाली त्या पैशात घरातलं बाथरूम नीट होईल, आजीसाठी बार बसवता येतील. मग मला घरातली 'इंजिनियर' म्हणून फायदे-तोटे लिहून काढायला सांगितले. तेव्हा मी जे लिहिलं होतं त्यात निम्मं चुकलं. हे सुधारलेलं उत्तर.

जहाज किती मोठं असतं?

क्रूझचा आकार 'ग्रॉस टनेज'मध्ये सांगतात. व्हायवाला हमखास चुकेल असा हा शब्द आहे. हे वजन नाही! जहाजातल्या सगळ्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून हा आकडा काढतात. 'टायटॅनिक' सुमारे ४६ हजार टनेजचं आणि २६९ मीटर लांब होतं. २०२४ मध्ये प्रवाशांना घेऊन निघालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ २ लाख ४९ हजार टनेजचं आणि ३६५ मीटर लांब आहे. मोजण्याची पद्धत मधल्या काळात बदलली, तरी साधारण पाचपट म्हणायला हरकत नाही.

आता गंमत बघा. लांबी फक्त १.३६ पट वाढली. सगळ्या दिशांना सारखीच वाढ झाली असती तर घनफळ १.३६ चा घन, म्हणजे अडीच पट व्हायला हवं होतं. मग पाचपट कसं? कारण नवीन जहाजं रुंद आणि उंच झाली. 'आयकॉन'ला वीस मजले आहेत. पूर्ण भरलं तर ७६०० प्रवासी आणि वर २३५० कर्मचारी. म्हणजे आपलं अख्खं कॉलेज, सगळी हॉस्टेलं आणि मेसचे काका मिळूनसुद्धा जागा उरेल.

एवढं उंच जहाज कलंडत का नाही, हा प्रश्न आजीने विचारला होता. इंजिनं, टाक्या, इंधन हे सगळं जड सामान तळाशी असतं आणि वरचे मजले त्या मानाने हलके ठेवतात. त्यामुळे गुरुत्वमध्य दिसतो त्यापेक्षा बराच खाली राहतो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण मेटासेंट्रिक हाइट पाठ करतो, ती इथे जीव वाचवते. ही उंची कमी असेल तर जहाज हळू आणि आरामात डुलतं, पण फार कमी झाली तर धोका. खूप जास्त असेल तर जहाज पटकन सरळ होतं, मात्र झटके बसून प्रवाशांना बोट लागते. म्हणजे सुरक्षितता आणि आराम यांचा मध्य काढावा लागतो. शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना विमानाच्या पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डुलणं कमी करतात. माझ्या अनुभवाने सांगते, जेवताना ग्लासातलं पाणी जेमतेम हलत होतं.

फायदे

पहिला फायदा, सामान एकदाच उघडायचं. साध्या टूरमध्ये रोज पहाटे पाचला उठून बॅगा भरायच्या असतात. इथे हॉटेलच तुमच्याबरोबर येतं. संध्याकाळी मुंबईला झोपायचं आणि सकाळी गोव्याला उठायचं.

दुसरा, आणि आमच्यासाठी सर्वात मोठा फायदा म्हणजे म्हातारी माणसं. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट, व्हीलचेअर फिरेल असे मार्ग, जेवण दोन मिनिटांवर, जहाजावर डॉक्टर. आजीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा समुद्र बघितला तो व्हीलचेअरवरून, पण बघितला. हे माझ्या पहिल्या यादीत नव्हतंच. मी स्विमिंग पूल आणि डीजे लिहिलं होतं.

तिसरा, तीन पिढ्या एकत्र राहूनही कोणी कोणाच्या डोक्यावर बसत नाही. भाऊ पूलमध्ये, आई नाटकाच्या हॉलमध्ये, बाबा डेकवर झोपलेले. जेवायला सगळे एका टेबलावर. आमच्याकडे हे दिवाळीतसुद्धा जमत नाही.

चौथा फायदा आपल्यासारख्यांसाठी. क्रूझ म्हणजे तरंगतं इंजिनियरिंग कॉलेज. बऱ्याच मोठ्या जहाजांवर डिझेल इंजिनं वीज बनवतात आणि त्या विजेवर मोटरी प्रोपेलर फिरवतात. गोडं पाणी समुद्रातच तयार करतात. एक पद्धत रिव्हर्स ऑस्मोसिसची, ती घरच्या फिल्टरमुळे माहीत असते. दुसरी जास्त हुशार आहे. इंजिन थंड करून आलेलं गरम पाणी फुकट जाऊ द्यायचं नाही, त्या उष्णतेवर खारं पाणी उकळायचं. पण ते पाणी शंभर अंशाच्या खाली असतं, मग उकळी कशी येणार? भांड्यात निर्वात करायचं! दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो आणि पन्नासएक अंशाला पाणी उकळतं. थर्मोमध्ये स्टीम टेबल बघताना मला नेहमी झोप यायची. आता येत नाही (खरं तर कमी येते).

तोटे: खिसा

तिकिटात राहणं आणि जेवण धरलेलं असतं, म्हणून स्वस्त वाटतं. पण ठरावीक जेवण सोडून बाकी बऱ्याच गोष्टींचे पैसे वेगळे. शीतपेयं, इंटरनेट, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरची सहल, सेवाशुल्क, कर. जहाजावर रोख पैसे नसतात, कार्ड दाखवायचं आणि सही करायची. रक्कम डोळ्यांसमोर येत नाही, त्यामुळे हात सुटतो. शेवटच्या सकाळी बिल आलं तेव्हा बाबांचा चेहरा बघून आईला बाथरूमचे बार आठवले असणार. भावाने दोन दिवसांत जितकी सरबतं प्यायली तेवढ्यात हॉस्टेलचं महिन्याचं मेस बिल निघालं असतं. तेव्हा बुकिंगच्या आधी 'काय धरलेलं नाही' ही यादी मागा.

तोटे: सुरक्षितता आणि आजार

आजीचा जन्म १९४७ चा. गावात तिचं वय "रामदास बुडाली त्या वर्षाची" असं सांगत. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबई बंदराबाहेर भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोट एका बाजूला कलली तेव्हा घाबरलेले प्रवासी धावपळ करू लागले आणि ती सावरलीच नाही, असं सांगतात. आपल्या भाषेत सांगायचं तर वरच्या डेकवरची गर्दी एका बाजूला सरकली की गुरुत्वमध्यही सरकतो. आजीच्या आईने त्यानंतर पावसाळ्यात कोणालाही बोटीवर पाऊल ठेवू दिलं नाही.

आजची जहाजं त्या मानाने फार सुरक्षित आहेत. पण १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटून कलंडली, तीही शांत समुद्रात. कप्तानाने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेलं होतं. चार हजारांवर माणसं होती, ३२ गेली. त्यांत मुंबईकडचा एक वेटर होता. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सुरक्षा सराव अजून व्हायचा होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घेणं सक्तीचं झालं. आमच्या सरावाच्या वेळी अर्धे लोक सेल्फी काढत होते. आजी मात्र लाइफ जॅकेट घट्ट धरून शेवटपर्यंत ऐकत बसली.

दुसरी भीती आजाराची. बंद जागा, एकच जेवणाची रांग, हजारो हात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' अडकली. ३७११ माणसांपैकी ७१२ जणांना कोरोना झाला. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया'वर ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि जहाज मुंबईला परत फिरलं. सुट्टीची क्वारंटाइन कधी होईल सांगता येत नाही. निदान हात धुवा. हे वाक्य शाळेच्या भिंतीवरचं वाटेल, पण जहाजावर पोट बिघडवणारा विषाणू असाच पसरतो.

तोटे: समुद्र आणि बंदर

जहाज चालत नसतानाही वीज खातं. एसी, स्वयंपाकघर, दिवे, पंप चोवीस तास चालू. त्यामुळे तेवढ्याच अंतरासाठी ट्रेनने जाणाऱ्यापेक्षा क्रूझच्या प्रवाशाच्या वाट्याला खूप जास्त इंधन येतं. जहाजाच्या इंधनात गंधकही पुष्कळ असायचं. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियमाने त्याची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. काही जहाजं स्वस्त इंधनच वापरतात आणि धूर समुद्राच्या पाण्याने धुतात. पण काही यंत्रणांत ते धुतलेलं पाणी परत समुद्रातच सोडतात, म्हणजे घाण हवेतून पाण्यात गेली. 'आयकॉन'सारखी नवी जहाजं नैसर्गिक वायूवर चालतात. त्यात कार्बन डायऑक्साइड कमी निघतो, पण न जळलेला मिथेन निसटतो आणि तो जास्त उष्णता धरून ठेवतो.

यावर एक साधा उपाय आहे: हळू जा. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वेग २० वरून १६ नॉट केला तर शक्ती ०.८ चा घन, म्हणजे जवळजवळ निम्मी. वेळ सव्वापट लागेल. गुणाकार केला तर प्रोपेलरसाठीचं इंधन ६४ टक्के, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त बचत. सुट्टीवर निघालेल्या माणसाला घाई कशाची?

बंदराचाही विचार करा. चार-पाच हजार माणसं एकदम गावात उतरतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी जेवायला जहाजावर परत. गावाला गर्दी मिळते, पैसा थोडाच. व्हेनिसमध्ये लोकांनी अनेक वर्षं विरोध केला आणि ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरातल्या मुख्य कालव्यात बंदी झाली.

आणि माणसं

हा मुद्दा माझ्या पहिल्या यादीत अजिबात नव्हता.

परतीच्या रात्री आजीला झोप येईना. अकरा वाजता मी तिला शाल गुंडाळून डेकवर नेलं. तिला विजयदुर्ग बघायचं होतं. मला माहीत होतं की जहाज किनाऱ्यापासून बरंच लांब जातं, काही दिसणार नाही. पण तिला कसं सांगणार? ती कठड्याला धरून अंधारात बघत बसली. तेवढ्यात खुर्च्या आवरणारा एक मुलगा आला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. आजीने त्याच्याकडे बघितलं आणि एकदम मालवणीत विचारलं, "खंयचो रे तू?"

तो दचकला. मग हसून म्हणाला, "देवगडचो."

"घराक कधी गेललंस?"

"सात म्हयने झाले, आजी."

त्याने खुर्च्या ठेवल्या आणि आजीला हात करून दाखवलं. "अंदाजान तकडे विजयदुर्ग. आणि तकडे देवगड." तिथे काही नव्हतं, काळोख होता. दोघं मिनिटभर तिकडे बघत राहिले. दर फेरीला तो आपल्या गावासमोरून जातो आणि बोट थांबत नाही.

हॉस्टेलवर आल्यावर मी हे शोधलं. २०१३ पासून लागू झालेल्या सागरी कामगार कराराप्रमाणे जहाजावरच्या माणसाला दर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्याला किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. आकडा चांगला वाटतो, पण उलटा वाचा. आठवड्याचे १६८ तास, त्यातून ७७ गेले, उरले ९१. आपण सबमिशनच्या आठवड्यात जेवढे रडतो, तेवढं काम हे लोक महिनोन्‌महिने करतात आणि वर हसून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणतात. हा तोटा आपल्या बिलात छापलेला नसतो. तळेगावजवळ इंदुरीला आणि लोणी काळभोरला मर्चंट नेव्हीची कॉलेजं आहेत. समुद्र नसलेल्या आपल्या पुण्यातून दरवर्षी मुलं जहाजावर जातात, त्यांतली काही इंजिनरूममध्ये. कपडे-खुर्च्या आवरणाऱ्यांचं शिक्षण वेगळं, पगार वेगळा, पण लाट सगळ्यांना सारखीच लागते.

मग जायचं की नाही?

माझं मत सांगते. घरात म्हातारं किंवा चालता न येणारं माणूस असेल, सगळ्यांना एकत्र वेळ हवा असेल, तर एकदा जरूर जा. गाव बघायचं असेल, माणसांशी बोलायचं असेल, तर क्रूझ नको, एसटी किंवा कोकण रेल्वे घ्या. जाणारच असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळा टाळा. बोट लागत असेल तर जहाजाच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, कारण हेलकावा टोकांना आणि उंचावर जास्त जाणवतो (सी-सॉवर मध्ये बसलेल्याला बघा). सुरक्षा सराव मन लावून करा. आणि तुमची खोली आवरणाऱ्याचं नाव विचारा.

घरी आल्यावर बाबांनी आजीला विचारलं, "मग आई, जुनी बोट चांगली की नवी?"

आजी म्हणाली, "नवी चांगली. उलटी झाली नाही, पडावात चढावं लागलं नाही, जेवण गरम मिळालं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण जुनी आमच्या गावाला थांबायची रे."

बाबा काही बोलले नाहीत. या मे महिन्यात परीक्षा संपली की आम्ही आजीला गाडीने विजयदुर्गला नेणार आहोत, वाटेत दोन ठिकाणी मुक्काम करत, तीन दिवसांत. बाथरूमचे बारही बसले. बाबांनी नवीन फोन पुढच्या वर्षावर ढकलला.

लेखात शुद्धलेखनाच्या चुका असतील तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि ज्यांना मेटासेंट्रिक हाइट अजून कळली नसेल त्यांनी लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये निरोप ठेवावा, परीक्षेच्या आधी शिकवून देईन. फी म्हणून एक आवळासुपारी चालेल.